तळ्याचा एक काठ मातीचा राहू द्या : गोव्यातील पालिकांना खुले पत्र

प्रति,
महापौर, नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक, मुख्याधिकारी आणि पालिका अभियंते,
पणजी महानगरपालिका व गोव्यातील तेराही नगरपालिका.

सप्रेम नमस्कार.

मार्च जवळ आला की तळ्यांच्या फायली वर येतात. निधी वर्षअखेरीच्या आत खर्ची पडायचा असतो, म्हणून फेब्रुवारीत निविदा निघतात. एप्रिलमध्ये तळ्यातले पाणी उपसले जाते, मे महिन्यात भिंत उभी राहते आणि मृगाचा पहिला पाऊस नव्या काँक्रीटवर पडतो. हे वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, कारण माझे बरेचसे आयुष्य त्यातच गेले. बांधकामावर सुपरवायझर म्हणून मी एकतीस वर्षे काम केले. चिरेबंदी घरे बांधली, गटारे बांधली, संरक्षक भिंती बांधल्या आणि शेवटची काही वर्षे तळ्यांची सुशोभीकरणे केली. आता निवृत्त आहे.

हे पत्र बेडकांसाठी आहे. वाचून फाइल बाजूला ठेवू नका, एवढी विनंती करतो. मागणी छोटी आहे आणि तुमच्या अधिकारात बसणारी आहे. शहरातल्या तळ्याचे काम काढाल तेव्हा निदान एक काठ मातीचा, उतरता राहू द्या. चारही बाजूंनी सरळ भिंत घालू नका. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण अशी भिंत मी स्वतः घातली आहे आणि त्यानंतर काय झाले ते डोळ्यांनी पाहिले आहे.

तळ्याचे नाव लिहीत नाही. दोष एका गावाचा किंवा एका पालिकेचा नाही. तळे जुने होते, साधारण साठ मीटर लांब आणि चाळीस रुंद. दोन बाजूंना चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडांचा, पडका बांध होता. तिसऱ्या बाजूला कपडे धुवायच्या पायऱ्या होत्या आणि चौथी बाजू नुसती मातीची, गवत आणि केवड्याने भरलेली. त्या बाजूने पाणी हळूहळू उथळ होत जायचे. ढोपरभर, मग घोट्याएवढे, मग नुसता ओलावा. म्हशी तिथूनच उतरायच्या. आमच्या नकाशात त्या बाजूवर लाल रेघ मारलेली होती: अव्यवस्थित काठ.

काम आम्ही चांगले केले. हे अभिमानाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. पोकलेनने गाळ काढला, चारही बाजूंनी अडीच मीटर उंचीची आरसीसी भिंत घातली, आतून गुळगुळीत गिलावा केला. वर पेव्हर बसवलेली फिरायची वाट, तिला स्टीलची रेलिंग, चार कोपऱ्यांत दिवे. जादा पाणी जायला काठापासून तीन फूट खाली पाइप सोडला, म्हणजे पाऊस कितीही पडला तरी पाणी त्याच्यावर चढणार नाही. उद्घाटनाला नारळ फुटला. लोक सकाळ-संध्याकाळ फिरायला येऊ लागले, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकडी मिळाली. ते चांगलेच झाले आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. देखभालीची मुदत चालू होती, म्हणून भिंतीला कुठे गळती नाही ना हे बघायला मी रात्री नऊच्या सुमारास गेलो. रेलिंगखालून बैलबेडूक आत उड्या मारत होते. पहिल्या पावसात या बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होतात आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेभोर फुगे येतात. ज्याने ते एकदा पाहिले तो विसरत नाही. मे महिन्यापर्यंत हाच बेडूक मळकट हिरवा असतो, जमिनीत पुरून घेऊन बसलेला असतो. दर वर्षीप्रमाणे ते आपल्या जुन्या तळ्याला आले होते. तळे बदलले आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आत जायला रेलिंगखालून वाट होती. बाहेर यायला कुठूनच नव्हती.

त्या रात्री मला यात काही वावगे वाटले नाही. पाणी आहे, बेडूक आले, आनंद आहे, असेच वाटले.

जुलैच्या शेवटी मी पुन्हा गेलो तेव्हा भिंतीच्या कडेने पाण्यावर काळपट पट्टा दिसला. पाने असतील म्हणून वाकून पाहिले. ती बेडकाची पिल्ले होती. सुपारीएवढी, चार पाय फुटलेली, काहींना शेपटीचा तुकडा अजून शिल्लक. काही मेलेली होती. बाकीची भिंतीवर पुढचे पाय टेकून गिलाव्यावरून घसरत होती. बरोबर कर्नाटकातला आमचा एक मजूर होता. मी काही बोलायच्या आत तो घमेले आणि दोरी घेऊन आला. आम्ही दोघांनी घमेले पाण्यात सोडून जेवढी उचलता आली तेवढी उचलली आणि पलीकडच्या शेतात नेऊन सोडली. अंधार पडेपर्यंत दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील. दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा तेवढाच होता.

हे असे का होते ते मला नंतर कळले. ते तुमच्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असायला हवे, म्हणून लिहितो. बेडकाच्या पिल्लाचे पहिले आयुष्य माशासारखे असते. शेपटी असते, कल्ल्यांनी श्वास घेते. पाय फुटून शेपटी आटू लागते तेव्हा त्याचे सगळे शरीर आतून बदलत असते. तोंड बदलते, आतडे बदलते. त्या दिवसांत ते खात नाही. कल्ले जातात आणि फुप्फुसे कामाला लागतात. म्हणजे ज्या पाण्यात ते महिनाभर सुखाने पोहत होते, त्याच पाण्यात आता त्याला टेकायला जागा मिळाली नाही तर ते बुडून मरते. त्याला हवा असतो हातभर उथळ चिखल. एखादे पान, एखादा दगड, गवताची काडी, ज्यावर अंग अर्धे बाहेर काढून बसता येईल असे काहीही. आमच्या नकाशात ज्या बाजूवर लाल रेघ होती ती बाजू नेमकी याच कामाची होती.

झाडावर चढणारे बेडूक त्या भिंतीतून सुटले. त्यांच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, गुळगुळीत गिलाव्यालाही त्या चिकटतात. भिंतीच्या वरच्या कडेला त्यांनी साबणाच्या फेसासारखी पांढरी घरटीही केली होती. हे बेडूक अंडी फेसात घालतात आणि पिल्ले तयार झाली की खाली पाण्यात टपकतात. पण बैलबेडूक, भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) आणि शेतातले लहान बेडूक यांच्या बोटांना अशा चकत्या नसतात. म्हणजे आमच्या भिंतीने बेडकांच्या जाती निवडल्या. कोणी जगायचे आणि कोणी नाही, हे आमच्या शटरिंगने, काँक्रीटच्या साच्याने, ठरवले.

दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर आला. तळ्याशेजारी एक म्हातारी राहते. पूर्वी ती त्या पायऱ्यांवर कपडे धुवायची. मी वाटेवरून जात होतो, तिने दारातूनच विचारले, "बेबे खंय गेले रे, बाबा?" कोकणीत बेडकाला बेबो म्हणतात हे परगावाहून आलेल्या अधिकाऱ्यांसाठी सांगतो. माझ्याकडे उत्तर होते, पण तिला ते देण्याची हिंमत झाली नाही.

शहरातले तळे गप्प झाले म्हणजे काय गेले, हे ज्यांनी ते ऐकलेले नाही त्यांना कसे सांगावे? मी प्रयत्न करतो. पहिल्या पावसाच्या रात्री बैलबेडूक एवढ्या मोठ्याने ओरडतात की खिडकी लावावी लागते. ते दोन-चार रात्री चालते. मग ते शांत होतात आणि त्यांच्याखाली दबलेले बाकीचे आवाज वर येतात. भेकाची लांबलचक कुर्रर्र, मधे न थांबता. झाडबेडकाचे टक्, टक्, कुणीतरी कडी वाजवावी तसे. नखाएवढा एक बेडूक आहे, फणीच्या दातांवरून बोट ओढावे तसा आवाज काढतो. एवढ्याशा देहातून एवढा आवाज येतो हे खरे वाटत नाही. ओरडतात ते सगळे नर. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा, कारण अंधारात मादीला आपल्या जातीचा नर त्यावरूनच ओळखायचा असतो. कान तयार झाला की काठावर न जाताही तळ्यात कोण कोण आहे ते घरबसल्या सांगता येते. माझा कान फार उशिरा तयार झाला.

आपल्या गोव्याला या जीवांचे किती मोठे देणे लाभले आहे याची कल्पना आपल्याच लोकांना कमी आहे. २०१८ साली इथल्या घाटमाथ्यावरच्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरून, एका बेडकाची नवी जात नोंदली गेली. तिचे शास्त्रीय नाव मिनर्वार्या गोएमची. 'गोंयची' (गोव्याची) हा आपला शब्द जगाच्या विज्ञानात एका बेडकाच्या नावाने गेला आहे. त्याआधी २००७ साली सत्तरीतल्या केरीतून देवगांडुळाची एक जात नोंदली गेली, तिच्या नावातही गोवा आहे. चोर्ला भागातल्या आणखी एका देवगांडुळाला म्हादई नदीचे नाव मिळाले. देवगांडूळ दिसतो गांडुळासारखा, राहतो मातीत, पण तो बेडकाचा भाऊबंद आहे, उभयचर आहे. ही सगळी मंडळी सड्यावरची आणि घाटातली, तुमच्या पालिका हद्दीतली नव्हेत, हे मला समजते. पण आपल्या राज्याचे नाव धारण केलेले जीव डोंगरात जपायचे आणि त्यांच्याच नात्यातले शहरात भिंतीखाली बुडवायचे, हे मला पटत नाही.

२०२३ साली जगभरातल्या उभयचरांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. आठ हजारांहून अधिक जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात आढळल्या. सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यापेक्षा यांची अवस्था वाईट आहे. शहरातल्या तळ्यात दिसणारा भेक किंवा बैलबेडूक आज त्या यादीत नाही. तो नेहमीचा आहे, भरपूर आहे. म्हणूनच त्याला वाचवणे आज स्वस्त आहे आणि म्हणूनच हे पत्र आज लिहितो.

आता आक्षेपांकडे वळतो. मी बैठकांना बसलेला माणूस आहे, ते कुठून येतील ते मला माहीत आहे.

पहिला आक्षेप डासांचा. मातीचा काठ, गवत, उथळ पाणी म्हणजे डास, मलेरिया, डेंग्यू, हे वाक्य प्रत्येक बैठकीत येते. पणजीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मलेरिया कसा पसरला ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. पण तो पसरवणारा शहरी डास कुठे वाढला? आमच्या बांधकामांवर. क्युअरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्के व्हावे म्हणून, स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात, उघड्या टाक्यांत, लिफ्टच्या खड्ड्यांत. मजुरांची हेल्थ कार्डे तपासायला आणि आमच्या टाक्यांत वाकून बघायला आरोग्य खात्याची माणसे साइटवर यायची ती त्यासाठीच. डेंग्यूचा डास तर घरातल्या कुंडीखालच्या बशीत आणि टायरात वाढतो. जिवंत तळ्यात डासाच्या अळीला खाणारे शंभर असतात. चतुराची पिल्ले असतात, पाणकिडे असतात, देशी मासे असतात आणि बैलबेडकाची पिल्लेही असतात, ती मांसाहारी आहेत. एकटा बेडूक डास संपवतो असा दावा मी करणार नाही. पण ज्या पाण्यात कुणीच नाही, त्या पाण्यात डास एकटा राजा असतो. साइटवरच्या टाकीत मी तेच पाहिले.

याच भीतीपोटी तळ्यात गप्पी आणि गंबुशिया सोडले जातात, कधी कोणीतरी मासेमारीसाठी तिलापिया आणून टाकतो. हे परदेशी मासे बेडकाची अंडी आणि पिल्लेही खातात. गोव्यातच मलेरियावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी इथल्याच गोड्या पाण्यातला एक छोटा देशी मासा डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरून दाखवला आहे. आरोग्य खात्याला विचारा, बाहेरचा मासा आणायची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा की चिखल घाण दिसतो. एका बैठकीत एक अधिकारी मला म्हणाले, "लोकांना स्वच्छ कडा हवी, चिखल नको." ज्या गोव्यात माशेलला आषाढात देवाच्या अंगणात चिखलकाला रंगतो आणि लहानथोर त्यात लोळतात, त्या गोव्यात चिखलाला घाण म्हणणे मला खटकले. घाण वेगळी. तळ्यात येणारे सांडपाणी ही घाण. कपड्याचा साबण, हॉटेलचे तेलकट पाणी, फिनेल, ब्लीचिंग पावडर ही घाण. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच आत घेतो. त्यामुळे पाण्यात जे पडते ते थेट त्याच्या अंगात जाते. तळे साफ करायचे असेल तर आधी ती गटारे वळवा. चिखल राहू द्या.

तिसरा आक्षेप जागेचा आणि तो खरा आहे. अडीच मीटर खोलीला एकास तीनचा उतार द्यायचा तर आडवी साडेसात मीटर जागा जाते. शहरात एवढी जागा म्हणजे मोठी गोष्ट. त्यात पार्किंग बसते, वाट बसते. म्हणूनच सगळे सरळ भिंत घालतात. मीही म्हणूनच घातली. पण चारही बाजू उतरत्या करा असे मी म्हणतच नाही. एक बाजू द्या. तेही शक्य नसेल तर एक कोपरा द्या, पाच मीटर रुंदीचा. पिल्ले भिंतीच्या कडेकडेने पोहत जातात आणि कोपरा सापडला की वर येतात. हे मी पाहिले आहे.

कुठे पाहिले तेही सांगतो. त्याच तळ्यावर. तिसऱ्या वर्षी तिथल्या नगरसेवकांना मी घेऊन गेलो आणि पाण्याकडे बोट दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि कंत्राटदाराला परवानगी दिली. आम्ही मोडतोड झालेल्या चिऱ्यांचे दोन ट्रॅक्टर आणले. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीबाहेर शेत लागते, तिथे ते तळापासून काठापर्यंत उतरत रचले. सिमेंट नाही, गिलावा नाही, नुसते रचले. मधल्या फटींत गाळाची माती घातली आणि ओले गवत लावले. रेलिंगची एक पट्टी काढून शेताकडे वाट ठेवली. दोन दिवसांचे काम होते. चिरा पाणी पितो, त्याच्या अंगावर भोके असतात, शेवाळ लवकर धरते. बेडकाच्या पायाला यापेक्षा चांगली पायरी कुठल्याही कारखान्यात मिळणार नाही. त्या वर्षी बैलबेडूक जवळजवळ नव्हतेच, पण भेकांनी अंडी घातली होती. पाण्यात काळ्या मण्यांच्या लांब माळा सोडाव्यात तशी ती दिसतात. श्रावणात एका पावसाळी सकाळी मी त्या कोपऱ्याशी अर्धा तास उभा राहिलो. वालाच्या दाण्याएवढी पिल्ले चिऱ्यांवरून चढून शेतात उतरत होती. मी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिले.

आपल्या पूर्वजांनी तळी बांधली तेव्हा त्यांच्या मनात बेडूक होते असे मी म्हणणार नाही. पण देवळाच्या तळीला पायऱ्या होत्या, शेताच्या तळ्याला गुरांची उतरण होती, खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधाला मातीचा उतार होता. पाण्यात जाणाऱ्याला बाहेर येता आले पाहिजे, हे त्या बांधणीत गृहीत होते. सांजांवच्या सणाला डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत नि तळ्यात उड्या घेणाऱ्या आपल्या पोरांना वर यायला पायरी लागते, तशीच ही गोष्ट. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तिथे जाऊन बघा. पाणी, दलदल, भातशेत यांच्यामध्ये कुठे रेघ मारावी ते कळत नाही. जगाने ज्याला मान दिला ते तळे असे आहे. चारी बाजूंनी भिंत असलेले नाही.

काठासोबत आणखी दोन-तीन गोष्टी होऊ शकल्या तर फार बरे होईल. गाळ काढायचा तर एप्रिलमध्ये काढा, जून ते ऑक्टोबर यंत्र तळ्यात घालू नका. तेव्हाही पूर्ण तळे एकाच वर्षी खरवडू नका. अर्धे या वर्षी, अर्धे पुढल्या वर्षी. कारण उन्हाळ्यात बेडूक त्याच काठाच्या मातीत झोपलेले असतात आणि पोकलेनच्या बकेटला ते दिसत नाहीत. दिवे वाटेवर पाडा, पाण्यावर नको. चवथीचे विसर्जन ज्या तळ्यात होते तिथे दुसऱ्या दिवशी निर्माल्य आणि मखराचे सामान काढून घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहेच, ती काठावर उभे राहून पाळून घ्या. चवथीपर्यंत बरीच पिल्ले पाण्याबाहेर आलेली असतात, पण उशिराची अजून आत असतात. आणि पहिल्या पावसाच्या त्या तीन-चार रात्री तळ्याभोवतीच्या रस्त्यावर गाड्या सावकाश जातील एवढे एखाद्या फलकाने, एखाद्या होमगार्डने जमले तर पाहा. सकाळी त्या रस्त्यावर काय दिसते ते लिहवत नाही.

बेडूक पकडणाऱ्यांबद्दल लिहायलाच हवे. 'जंपिंग चिकन' या नावाने काही ठिकाणी बेडकाचे मांस मिळते हे गोव्यात कुणाला नवीन नाही. ओरडणारा नर बॅटरीच्या झोतात हलत नाही, पोत्यात भरायला सोपा जातो. पकडला जातो तो नेमका अंडी घालायच्या रात्री, म्हणजे एकासोबत पुढची पिढीही पोत्यात जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार हा गुन्हा आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ साली बंद केली. हे काम वनखात्याचे आहे. पण तळ्याचा रखवालदार पालिकेचा असतो, खाण्याच्या जागांना परवाना पालिका देते. रखवालदाराला वनखात्याचा नंबर द्या आणि फोन कर म्हणून सांगा.

शेवटी कायद्याचा एक मुद्दा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम चांगले आहेत. अधिसूचित पाणथळीच्या पन्नास मीटरमध्ये पक्के बांधकाम करता येत नाही. पण करमणुकीसाठी, सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेली तळी त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. भातशेतीही वगळलेली आहे. शहरातले लहान तळे एकदा सुशोभित झाले की ते करमणुकीचे म्हणून धरले जाण्याची आणि त्या छत्रीबाहेर राहण्याची भीती असते. म्हणजे त्याचे सगळे बरेवाईट तुमच्याच ठरावात आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार तुमच्या प्रत्येक पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची आहे. तळ्याची फाइल निविदेला जाण्याआधी त्या समितीसमोर जाऊ द्या. जूनमधल्या एका रात्री समितीच्या सदस्यांनी तळ्याकाठी तासभर उभे राहून कोण कोण ओरडते ते त्या वहीत लिहावे. काम झाल्यावर पुढच्या जूनमध्ये पुन्हा लिहावे. काम चांगले झाले की नाही ते त्या दोन पानांवरून कळेल. आमच्या मोजणीच्या वहीतून ते कधीच कळले नाही.

अंदाजपत्रकात ही गोष्ट कशी लिहायची असा प्रश्न अभियंत्यांना पडेल, म्हणून मीच लिहून देतो. निविदेत जशीच्या तशी घालता येईल:

"तळ्याच्या एका बाजूस, शेत किंवा मोकळ्या जमिनीकडील भागात, किमान पाच मीटर रुंदीचा, तळापासून काठाच्या पातळीपर्यंत एकास तीन किंवा त्याहून सौम्य उतार ठेवणे. उतारावर स्थानिक चिरे सिमेंटशिवाय रचणे, सांध्यांत तळ्यातीलच गाळमाती भरणे व स्थानिक पाणगवत लावणे. या भागात गिलावा, पेव्हर अथवा जमिनीलगत बंद कठडा करू नये. उताराच्या माथ्यापासून लगतच्या जमिनीपर्यंत अडथळामुक्त पट्टा ठेवणे. हे काम ३१ मेपूर्वी पूर्ण करणे."

मोजमाप चौरस मीटरमध्ये करा. आरसीसीच्या दरापेक्षा हे स्वस्त पडेल. कुणाला जागेवर आखणी करून हवी असेल तर बोलवा, मी टेप घेऊन येईन. मृगाला अजून वेळ आहे.

आपला विनम्र,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
फोंडा तालुका